चिऱ्याच्या जोत्यावर पोलादी सांगाडा

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर चढले. त्या दिवशी दापोली तालुक्यातल्या आमच्या समुद्रकाठच्या गावात काय काय झाले ते मी इथे पुन्हा सांगत बसणार नाही. आमच्यापुरते सांगायचे तर वाडीतले दोन माड घरावर आडवे झाले, माजघरावरचे आढे मोडले आणि पश्चिमेकडच्या पाख्यावरची जवळजवळ सगळी कौले अंगणात आणि शेजारच्या पोफळींमध्ये जाऊन पडली. भिंती मात्र उभ्या राहिल्या. जांभ्याच्या चिऱ्यांच्या, मातीत बांधलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा केलेल्या त्या भिंतींनी पुढचे दोन पावसाळे ताडपत्रीखाली काढले, आणि वादळाला जे जमले नव्हते ते त्या दोन पावसाळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने केले. सांध्यांतली माती वाहून गेली, पश्चिमेची भिंत पोटाशी फुगली, आणि तिसऱ्या वर्षी दिवाळीला दादा आणि वहिनी मुंबईहून आले असताना आम्ही तिघांनी ओटीवर बसून घर उतरवायचे ठरवले.

त्या जागी आता जे घर उभे आहे त्याचा सांगाडा कारखान्यात कापून, भोके पाडून, प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून आला आणि जागेवर फक्त जोडला गेला. गावात त्याला कोणी ‘प्रीफॅब’ म्हणतात, कोणी ‘रेडिमेड घर’ आणि काही ज्येष्ठ मंडळी अजूनही ‘पत्र्याचे घर’ म्हणतात. ते घर बघायला येणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात: किती दिवसांत झाले, किती खर्च आला, आणि टिकेल ना. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्यासाठी हा लेख लिहिते आहे. मी इंजिनीअर नव्हे; माध्यमिक शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. खाली जी गणिते येतील ती मी हौसेने केलेली असली, तरी घराचा आराखडा एका स्ट्रक्चरल इंजिनीअरने तपासून सही केलेला आहे, आणि ती सही घेतल्याशिवाय कोणीही असे घर बांधू नये.

घर उतरवायला गावातलेच सुतारकाका आले होते. वासे आणि तुळया खाली आल्यावर त्यांनी मला हाक मारली, “ताई, हे बघा,” आणि तुळईच्या टोकावरच्या पटाशीने मारलेल्या तीन आडव्या खुणा दाखवल्या. ज्या खांबात ते टोक बसत होते त्याच्यावरही तशाच तीन खुणा होत्या; पलीकडच्या जोडीवर चार. जुने सुतार छपराचा अख्खा सांगाडा आधी अंगणात जमिनीवर जुळवून बघत, कुसू खाचेत नीट बसते की नाही ते पाहत, खुणा करत, मग तो सोडवून वर चढवत आणि लाकडी खुंट्या ठोकून पक्का करत. म्हणजे जुळणी खाली आणि उभारणी वर. कारखान्यातून क्रमांक घालून आलेल्या पोलादी पट्ट्यांत आणि आमच्या पणजोबांच्या छपरात तत्त्वाचा फरक काहीच नाही, हे त्या खुणा पाहिल्यावर लक्षात आले आणि नव्या पद्धतीविषयी मनात जो थोडा संकोच होता तो गेला. फरक आहे तो सांध्यात. फणसाच्या तुळईचा सांधा चार बोटे जाड लाकडाचा होता. नव्या घराचा सांधा एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात घुसलेल्या स्क्रूचा आहे. पुढे जे सगळे शिकावे लागले ते या एका फरकामुळे.

आता ही पद्धत का निवडली ते सांगते. आमचे घर मुख्य रस्त्यापासून दोनशे मीटर आत आहे आणि मधे पाखाडी आहे: दगडी पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना गडगा असलेली, जेमतेम दोन माणसे शेजारून जातील एवढी. एक चिरा साधारण तीस किलोचा असतो. अख्ख्या घराला लागणारे हजारो चिरे, वाळू, खडी आणि सिमेंट डोक्यावरून आणायला पूर्वी माणसे मिळत, आता मिळत नाहीत; जी तरुण मुले गावात आहेत ती होड्यांवर नाहीतर पर्यटकांच्या निवासांवर कामाला आहेत. उलट, ज्याला लाइट गेज स्टील म्हणतात त्या घडीच्या पत्र्याच्या सांगाड्यातला तीन मीटरचा एक उभा खांब साडेचार किलोच्या आसपास भरतो. दुसरी अडचण हंगामाची. कोकणात बांधकामाला दसऱ्यानंतर सुरुवात करायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आत छप्पर झाकायचे, एवढाच अवधी असतो. त्यात चिरेखाणीवरचा माल, गवंडी आणि सुतार या तिघांचे जुळले नाही तर अर्धी भिंत पावसाळ्यात भिजते. आमचे जोते जानेवारीत संपले, सांगाडा मार्चमध्ये तीन आठवड्यांत उभा राहिला आणि गणपती नव्या घरात बसले.

प्रीफॅब म्हणून बाजारात जे जे दाखवले जाते त्यातले बरेच आमच्या जागेला पहिल्या फेरीतच बाद झाले. जहाजाचा वीस फुटी कंटेनर रिकामा असताना सव्वादोन टनांच्या आसपास भरतो आणि आठ फूट रुंद असतो. तो पाखाडीवरून उतरणार कसा? कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती आणि पोकळ स्लॅब बसवायला क्रेन लागते, तीच गोष्ट. फोम भरलेल्या पॅनेलच्या तयार खोल्या एका आठवड्यात उभ्या राहतात आणि साइटवरच्या ऑफिसला उत्तम आहेत, पण पॉलीयुरेथेनचा फोम पेटतो, पेटल्यावर विषारी धूर करतो, आणि आमच्या स्वयंपाकघरात गॅसच्या जोडीला चूलही आहे. शिवाय उंदीर. थर्माकोलचा असो की दुसरा, फोम म्हटला की उंदरांनी त्यात बिळे केली नाहीत असे मला तरी कोकणात पाहायला मिळालेले नाही. राहिला पोलादी सांगाडा, त्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंट-फायबरचे बोर्ड आणि मधल्या पोकळीत न पेटणारी रॉकवूल, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची लोकर.

एका विक्रेत्याने मला केंद्र सरकारच्या, नव्या तंत्रांनी घरे बांधायच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची छायाचित्रे दाखवली. ते प्रकल्प खरे आहेत. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरतळा आणि लखनौ अशा सहा शहरांत त्यांची पायाभरणी झाली आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे तंत्र वापरायचे ठरले. त्यांपैकी लाइट गेज स्टीलच्या सांगाड्याचे तंत्र आगरतळ्याला गेले. आगरतळा समुद्रापासून दूर आहे. म्हणून ‘सरकारने हे वापरले आहे’ या वाक्याला आमच्या गावात अर्धाच अर्थ उरतो. बीएमटीपीसी ही केंद्र सरकारची बांधकाम-साहित्याविषयीची संस्था १९९० पासून आहे आणि ती नव्या पद्धतींना कामगिरीचे प्रमाणपत्र देते. ते विक्रेत्याकडे मागावे, वाचावे, आणि त्यात किनाऱ्यावरच्या वापराविषयी काय अटी आहेत त्या बारकाईने पाहाव्यात. आम्हाला घर विकणाऱ्या माणसाने ते पान स्वतःच कधी उलटलेले नव्हते.

‘एवढी कटकट कशाला, सरळ स्लॅब टाका’ हा सल्ला आम्हाला सगळ्यात जास्त मिळाला. पण स्लॅब म्हणजे खाऱ्या हवेतून सुटका नव्हे. आमच्याच आळीत वीस वर्षांपूर्वीच्या एका बंगल्याच्या गच्चीखालचे काँक्रीट ढलप्यांनी पडते आहे आणि आतली सळई दिसते आहे. भारतीय मानक ४५६ मध्ये हवामानाच्या तीव्रतेप्रमाणे काँक्रीटचे पाच वर्ग आहेत. समुद्रकाठच्या उघड्या काँक्रीटला ‘तीव्र’ हा तिसरा वर्ग लागतो, आणि त्याला किमान एम ३० दर्जाचे काँक्रीट व सळईवर ४५ मिलिमीटरचे आवरण सांगितलेले आहे. आपल्याकडे घराच्या स्लॅबला एम २० आणि वीस मिलिमीटर आवरण, तेही सळईखाली खडीचा तुकडा सरकवून, हा शिरस्ता आहे. त्यात पूर्वी खाडीची वाळू न धुता वापरली गेली. सळई गंजली की तिचे आकारमान वाढते आणि ती काँक्रीटला आतून फोडते. बाहेरून दिसायला लागते तेव्हा फार उशीर झालेला असतो. तेव्हा स्लॅब वाईट नाही, पण मानकाप्रमाणे टाकलेला स्लॅब आणि आपल्याकडे टाकला जातो तो स्लॅब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पोलादी सांगाड्याची तुलना करायची तर त्यातल्या दुसऱ्याशी करावी लागते.

चिऱ्याला मात्र आम्ही सोडले नाही. जुन्या भिंतींचे निम्म्याहून अधिक चिरे शाबूत निघाले. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर पडून पडून कठीण होत जातो, त्यामुळे शंभर वर्षांचा चिरा हा जुना माल नसून मुरलेला माल असतो. ते सगळे चिरे आम्ही जोत्यात आणि पडवीच्या अर्ध्या उंचीच्या भिंतीत वापरले. जोते अडीच फूट उंच घेतले. त्यावर चारी बाजूंनी सळ्यांसह काँक्रीटचा पट्टा ओतला आणि त्या पट्ट्यात सांगाडा पकडणारे नटबोल्ट आधीच बसवून घेतले. हा पट्टा नसता तर पुढचे सगळे व्यर्थ होते, आणि त्याचे कारण वारा.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातले सूत्र सोपे आहे: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग करून त्याला ०.६ ने गुणले की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. निसर्ग वादळ किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटरहून थोडा जास्त, म्हणजे दाब ६६७ न्यूटनच्या घरात, म्हणजेच प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६८ किलो वजनाइतका जोर. छपराच्या बहुतेक भागावर हा जोर खाली ढकलत नाही, तो वर ओढतो, आणि पाख्याच्या कडेला, आढ्याच्या टोकाला व वळचणीला तो दीडपट-दुपटीपर्यंत जाऊ शकतो. आता वजने पाहा. मंगळुरी कौलांचे छप्पर चौरस मीटरला पस्तीस-चाळीस किलो भरते, शिवाय कौलांमधल्या फटींतून हवा आरपार जाऊन आतला-बाहेरचा दाब काहीसा सारखा होतो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला चार ते पाच किलो, आणि त्याला फटी नाहीत. आमची कौले उडाली पण वासे जागेवर राहिले. शेजाऱ्यांच्या गोठ्याचा पत्रा खालच्या पाइपांसकट उचलला गेला आणि शेतात पडला. सुतारकाकांनी तेव्हाच सांगितले होते, “पत्र्याला वारा खालून लागतो, वरून नाही.” माझे सूत्र त्यांच्या या वाक्यापुढे फारसे काही सांगत नाही, फक्त किती ते सांगते.

म्हणून हलके घर बांधताना वजनाने जे काम फुकट होत होते ते आता बांधून घ्यावे लागते. पत्रा पट्टीला, पट्टी कैचीला म्हणजे छपराच्या त्रिकोणी चौकटीला, कैची उभ्या खांबाला, खांब तळपट्टीला आणि तळपट्टी जोत्याच्या काँक्रीटला, अशी ही साखळी कुठेही न तुटता खालपर्यंत जायला हवी. आमच्या मूळ आराखड्यात कैची खांबाला नुसत्या दोन स्क्रूंनी धरलेली होती. इंजिनीअरने तिथे पोलादी पट्टा सांगितला, आणि घराच्या चार कोपऱ्यांवर व प्रत्येक मोठ्या दाराच्या दोन्ही बाजूंना खांब खाली धरून ठेवणारे जाड कोन वाढवले. कडेच्या पट्ट्यांवर स्क्रू दुप्पट घेतले, कारण ओढ तिथेच दुप्पट आहे. खर्चात हा फरक एका चांगल्या फ्रिजच्या किमतीएवढा होता.

आकाराचाही विचार केला. विक्रेत्याच्या पुस्तकात होते ते दुपाखी घर, दोन टोकांना उंच त्रिकोणी भिंती असलेले. आम्ही आमचे जुने चौपाखी छप्पर ठेवले. चारी बाजूंनी उतार असलेल्या छपराला वारा चढून जायला वाट मिळते, उभ्या त्रिकोणावर तो छाताडाने येतो. चक्रीवादळाच्या प्रदेशांत म्हणूनच चौपाखी आकार सुचवतात. पडवीचे प्रकरण अवघड होते. पावसाची झड अडवायला पडवी हवी आणि वळचण चांगली तीन फूट पुढे हवी. पण जेवढे छप्पर पुढे तेवढी वाऱ्याला पकड जास्त. यावर तोड अशी निघाली की पडवीचे छप्पर मुख्य छपराचाच लांबवलेला भाग न करता वेगळ्या खांबांवर, वीतभर खाली, स्वतंत्र घ्यायचे. पुन्हा तसे वादळ आले आणि पडवी गेलीच तर ती एकटी जाईल, घराचे पाखे सोबत उचलणार नाही. जुन्या घरातही पडवीचे वासे वेगळेच टेकलेले होते, हे ते उतरवताना पाहिले होते. त्याचे कारण मात्र मला तेव्हा उमगले नव्हते.

वारा वर्षातून क्वचित येतो, मीठ रोज येते. घर समुद्रापासून सातशे-आठशे मीटरवर आहे, मधे सुरूचे बन आहे, तरीही मे महिन्यात संध्याकाळी खिडकीच्या काचेवर बोट फिरवले तर चिकट लागते. पोलादावर जस्ताचा थर देतात तो याच्यासाठी. हा थर ग्रॅममध्ये सांगतात, आणि इथे ग्राहकाची फसगत व्हायला वाव आहे, कारण ‘गॅल्वनाइज्ड’ हा शब्द पाव थरालाही लागू होतो. २७५ ग्रॅमचा थर म्हणजे एका चौरस मीटर पत्र्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून २७५ ग्रॅम जस्त. एका बाजूला ते साधारण १९ ते २० मायक्रॉन होते, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. आयएसओ ९२२३ या मानकात हवेच्या गंजकपणाचे वर्ग केलेले आहेत. त्यातल्या सी ४ या जास्त गंजक हवेच्या वर्गात उघडे जस्त वर्षाला २.१ ते ४.२ मायक्रॉन झिजते आणि सी ५ या त्याहून गंजक वर्गात ४.२ ते ८.४. भागाकार तुम्हीच करा. भिंतीच्या आत, बोर्डांच्या आड बसलेल्या सांगाड्याला एवढी झीज नाही, कारण तिथे खारा वारा थेट पोचत नाही. पण याचाच अर्थ असा की बोर्डाच्या फटी, खिडक्यांच्या कडा आणि वळचणीखालची तोंडे किती घट्ट बंद आहेत यावर सांगाड्याचे आयुष्य ठरते. छपरासाठी आम्ही जस्ताऐवजी ॲल्युमिनिअम आणि जस्ताचा मिश्र थर असलेला, वर रंगवलेला पत्रा घेतला. त्या थरात ५५ टक्के ॲल्युमिनिअम असते आणि खाऱ्या हवेत तो साध्या जस्तापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो. त्याला एक पथ्य आहे: ओले सिमेंट आणि चुना त्याला लागू द्यायचा नाही, कारण ॲल्युमिनिअमला अल्क सोसत नाही.

यातली एक गोष्ट मला स्वतःला चकित करून गेली. पावसात भिजणारा पत्रा आधी गंजेल असे कोणालाही वाटेल, पण प्रत्यक्षात वळचणीखालचा, पडवीच्या छताचा, जिन्याखालचा पत्रा आधी जातो. कोकणातला पाऊस वर्षाला तीन मीटरच्या वर पडतो आणि उघड्या पत्र्यावरचे मीठ तो धुऊन नेतो; आडोशाला बसलेले मीठ मात्र वर्षभर तिथेच राहते आणि दमट हवेतले पाणी ओढून घेत पत्रा ओला ठेवते. आमच्या जुन्या पडवीतल्या गजांवर पावसाचा थेंबही कधी पडला नव्हता, आणि तेच सगळ्यात आधी सडले होते.

आता स्क्रू. सगळ्या घरात सगळ्यात स्वस्त वस्तू ती आणि आमची फजिती झाली तीही तिथेच. करारात किनाऱ्यासाठीच्या जाड लेपाचे स्क्रू लिहिलेले होते. जोडणीच्या वेळी ते संपले म्हणून कामगारांनी पूर्वेकडच्या पाख्यावर बाजारातले साधे मुलामा दिलेले स्क्रू मारले आणि आम्हाला सांगितले नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर पत्र्यावर प्रत्येक स्क्रूखाली तांबडी रेघ उतरली होती. पुरवठादाराचे म्हणणे, पत्रा तर चांगला आहे ना. पण स्क्रूचे डोके गेले की वाऱ्याची ती सारी साखळी तिथेच तुटते, आणि त्याखालचा रबरी वायसर सैल झाला की पाणी आत येते. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर स्क्रू बदलून मिळाले, मजुरी आम्ही दिली. त्याच वेळी दुसरेही एक दिसले: भोके पाडताना उडालेला लोखंडी कीस पत्र्यावरून झाडलेला नव्हता, तो जागच्या जागी गंजून शेकडो ठिपके उमटले होते. रोज संध्याकाळी काम थांबल्यावर छप्पर मऊ केरसुणीने झाडणे हे कोणत्याच करारात नसते. ते मालकाने उभे राहून करून घ्यायचे. ‘सगळीकडे स्टेनलेस लावा’ हेही सरसकट उत्तर नाही. समुद्राजवळ ३०४ प्रतीच्या स्टेनलेसवरही चहाच्या डागासारखे डाग पडतात, मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत त्याहून बरी ठरते. शिवाय दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो, हे आपण शाळेत विद्युतघटात शिकलेलो असतो. पत्रा बनवणाऱ्याने जो स्क्रू लेखी सांगितला असेल तोच लावावा. त्याच नियमाने एसीची तांब्याची नळी पत्र्याला टेकू द्यायची नाही आणि तिचे पाणी पत्र्यावर गळू द्यायचे नाही.

बोर्डांच्या बाबतीत माझा सल्ला आखूड आहे. बाहेरून सिमेंट-फायबरचा बोर्ड घ्यावा, तो कुजत नाही आणि त्याला वाळवी लागत नाही. कापलेल्या कडा मात्र लेप देऊन बंद कराव्यात आणि खालची कड जोत्याच्या वर वीतभर ठेवावी, म्हणजे पागोळ्यांचे उडालेले पाणी तिला भिजवणार नाही. जिप्समचा बोर्ड आतल्या कोरड्या खोल्यांपुरता. भुशाचा पार्टिकल बोर्ड कोकणात कपाटालाही नको. प्लायवूड घ्यायचे तर भारतीय मानक ७१० चे, म्हणजे पाण्याला टिकणारे मरीन. आणि मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड कोणी ‘आग लागत नाही, स्वस्त आहे’ म्हणून गळ्यात मारत असेल तर डेन्मार्कची हकीकत आठवावी. तिथे २०१० नंतरच्या काही वर्षांत अनेक इमारतींच्या बाह्य भिंतींत हे बोर्ड वापरले गेले. दमट हवेत त्यांनी पाणी ओढून घेतले, त्यातून क्लोराइडचे खारे थेंब पाझरू लागले, आणि त्या थेंबांनी शेजारचे धातू गंजवले. दोष बोर्डात वापरलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडचा होता. तिथे ही दमट हवा हिवाळ्यात असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दुसरी कोणती हवा असते?

उकाड्याविषयी लोक जास्त घाबरतात, पण तितके कारण नाही. जाड चिऱ्याची भिंत दिवसाची उष्णता पोटात ठेवून रात्री सोडते. हे देशावर फार उपयोगी, जिथे रात्री गारवा पडतो. कोकणात मे महिन्यातल्या रात्रीही पारा फारसा उतरत नाही, त्यामुळे हलकी भिंत, खोल सावली आणि समोरासमोरच्या खिडक्यांतून खेळता वारा यांनी भागते. पत्र्याखाली पन्नास मिलिमीटरची रॉकवूल आणि त्याखाली हवा फिरेल असा माळा ठेवल्यावर दुपारची झळ गेली आणि पावसाचा ताशाही बोलणे ऐकू येईल इतका उतरला. एक सावधगिरी एसी लावणाऱ्यांसाठी. भिंतीतला बाष्परोधक पडदा थंड देशांच्या आराखड्यांत आतल्या बाजूला असतो, कारण तिथे ओल घरातून बाहेर जाते. आपल्याकडे एसी चालू असताना ती बाहेरून आत येते आणि गार बोर्डाच्या पाठीमागे साचते. पडदा आत लावला तर बुरशी भिंतीच्या पोटात वाढते आणि फक्त कोंदट वासावरून कळते. तो बाहेरच्या बाजूला हवा. आमच्या आराखड्यात तो चुकीच्याच बाजूला काढलेला होता.

पोकळ भिंतीला वजन टांगायचे कुठे, हा प्रश्न वहिनीने विचारला तेव्हा सगळे हसले, पण तो आराखड्याच्या वेळीच विचारायला हवा होता. गणपतीच्या डोक्यावर नारळ, सुपारीचे घड आणि फळे टांगायची चौकट, स्वयंपाकघरातल्या मांडण्या, गिझर, आणि पडवीतला झोपाळा. बोर्ड लावायच्या आधी खांबांच्या मधे जिथे जिथे आडवी पट्टी किंवा लाकडाचा तुकडा बसवला तिथेच पुढे काही टांगता येते. झोपाळ्याचा भार तर सतत हलणारा, तो एक मिलिमीटरच्या कैचीवर टाकणे वेडेपणा ठरला असता. त्यासाठी जुन्या माजघरातली फणसाची तुळई, काजूच्या टरफलांचे तेल पाजून, पडवीच्या दोन चिरेबंदी खांबांवर आडवी ठेवली. तीन खुणांची तीच तुळई. घरात येणाऱ्याला पहिल्यांदा दिसते ती तीच, आणि ‘पत्र्याचे घर’ म्हणणाऱ्यांचा सूर तिथे थोडा बदलतो.

परवानगीबद्दल एवढेच, की हे घर ‘तात्पुरते’ असते म्हणून काही लागत नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ग्रामपंचायत आणि तहसील यांची वाट नेहमीसारखीच आहे, आणि किनारा नियमन क्षेत्राचे २०१९ चे नियम भिंत कशाची आहे ते विचारत नाहीत. विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंतचा पट्टा विकासनिषिद्ध आहे तो पोलादालाही तितकाच. खर्च म्हणाल तर चिऱ्याच्या घराच्या अंदाजपत्रकापेक्षा थोडा जास्तच आला. तो भरून निघाला तो वेळात आणि पाखाडीवरच्या मजुरीत; ज्यांच्या दारापर्यंत डंपर जातो आणि ज्यांना चांगला गवंडी मिळतो त्यांनी चिऱ्याचेच घर बांधावे, असे मी अजूनही सांगते.

दरवर्षी पावसाळा संपला की एक दिवस काढून वळचणीखालचा आणि पडवीचा पत्रा विहिरीच्या गोड्या पाण्याने धुते, मे महिन्यात तेच पुन्हा. स्क्रूंच्या ओळी दुर्बिणीने पाहते. शाळेत ग्रहण दाखवायला घेतलेली दुर्बीण आता या कामाला आली आहे. यंदा पश्चिमेच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली, जिथे बोर्डाची कड चौकटीला भेटते, तिथे सीलंटला नखाएवढी भेग पडलेली सापडली. आत किती ओल गेली आहे ते बोर्ड काढल्याशिवाय कळणार नाही, म्हणून दिवाळीला दादा आला की तो एक बोर्ड उघडायचा आहे.